एका चांदीच्या पदकासाठीं नगरास

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या दृष्टीपुढें बदरीकेदार, रामेश्वर, निदान काश्मीर तरी उभें राहतें. आमचा प्रवास पारनेर तालुक्यांतील एका लहानशा गांवापासून नगरच्या सराफ बाजारापर्यंतचा, एस. टी.च्या गाडीनें फार तर दीड तासाचा. परंतु या दीड तासाच्या वाटेस लागावयास आमच्या घरास त्रेपन्न वर्षें लागलीं, म्हणून तो लिहून काढण्याचें धाडस करीत आहों. नगरास सरकारनें २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव दिलें. अहिल्याबाईंचें जन्मस्थान चौंडी याच जिल्ह्यांत असल्यामुळें त्या नांवाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे; पण साठ वर्षांचें जिभेचें वळण सहसा मोडत नाहीं. तेव्हां पुढें 'नगर' असेंच येत राहिलें तर वाचकांनीं क्षमा करावी.

त्याचें असें झालें. २०२५ च्या श्रावणांत आमचा नातू, वय वर्षें अकरा, शाळेच्या शर्यतींत पहिला आला आणि गळ्यांत तिरंगी फितीचें 'सुवर्णपदक' घालून घरीं आला. आजीनें देवापुढें साखर ठेविली, सूनबाईंनीं छायाचित्रें काढलीं, आळींतील चार घरीं पदक फिरून आलें. चार दिवसांनीं त्याची कडी तुटली. आणि जेथें मुलाचा अंगठा वारंवार फिरला होता तेथें सोनेरी रंग जाऊन खालचा राखेसारखा करडा धातू दिसूं लागला. "आजोबा, हें सोन्याचें नाहीं?" एवढेंच त्यानें विचारलें. आम्ही कांहीं सांगणार तोंच ओटीवर बसलेले आमचे थोरले बंधू पुढें झाले. त्यांस घरांत सर्व लहानथोर दादा म्हणतात. त्यांनीं तें पदक तळहातावर घेऊन जोखल्यासारखें केलें आणि म्हणाले, "माझें होतें तें खरें होतें." इतकें बोलून ते पुन्हां वर्तमानपत्र वाचूं लागले. त्या विषयावर दादांच्या तोंडून त्रेपन्न वर्षांत निघालेला हा पहिला शब्द होता.

१९७० सालीं दादा सोळा वर्षांचे होते. शालेय स्पर्धांत पंधराशे मीटरच्या शर्यतींत ते अनवाणी धांवून पहिले आले आणि कोणा दानशूर गृहस्थानें आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेलें चांदीचें पदक त्यांस मिळालें. वडील, म्हणजे नाना, भिक्षुकी करीत. थोडी कोरडवाहू जमीन होती. ओटीवरच्या कोनाड्यांत, समईच्या शेजारीं, तें पदक लांकडी डबींत ठेवलेलें असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखविलें जाई. पुढें १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनीं तो पाहिला त्यांस वर्णन करून सांगावयास नको, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांस सांगून समजावयाचें नाहीं. खडी फोडण्याचीं कामें, तेथें मिळणारी सुकडी, शिधापत्रिकेवरचा तांबडा मिलो, एवढे शब्द पुरेत. एके दिवशीं पहांटे नाना एक बोचकें घेऊन नगरास गेले. त्यांत आईचे वाळे आणि देवांतील चांदीची वाटी होती. संध्याकाळीं जोंधळे आले. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों कोनाड्यांतील डबी रिकामी. आम्ही बारा वर्षांचे होतों. नानांनीं पदक विकलें एवढें आम्हांस कळलें. विचारण्याची प्राज्ञा नव्हती. दादांनीं ती भाकरी मुकाट्यानें खाल्ली आणि त्यानंतर ते कोणत्याहि शर्यतींत उतरले नाहींत.

तेव्हां आमच्या मनानें घेतलें कीं, दादांस न कळवितां तसेंच एक पदक नगरांत करवून आणावें. शाळामास्तरकी संपली तरी गृहपाठ करून जाण्याची खोड सुटत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं पदकें कशीं होतात याविषयीं मिळेल तें वाचून काढलें.

'पदक' हा शब्द आपल्याकडे प्रथम दागिन्याचाच. लहान मुलांच्या आणि बायकांच्या गळ्यांत पदक असे. वेदांतील 'निष्क' हाहि आधीं गळ्यांतला अलंकार. ऋग्वेदांत 'निष्कग्रीव' असें विशेषण आलें आहे. तोच निष्क पाणिनीच्या काळापर्यंत किंमत मोजण्याचें परिमाण होऊन बसला. म्हणजे आधीं गळा, मग बाजार. युरोपीय लोकांचा ऑलिंपिकचा क्रम अगदींच वेगळा. १८९६ सालीं अथेन्स येथें आधुनिक स्पर्धा सुरू झाल्या तेव्हां पहिल्यास चांदीचें पदक आणि ऑलिव्हची डहाळी मिळे. सोन्याचें पदक नव्हतेंच. सोनें, चांदी, कांसें ही आजची उतरंड १९०४ च्या सेंट लुई येथील स्पर्धांपासूनची, आणि अस्सल सोन्याचें पदक शेवटचें दिलें गेलें तें १९१२ सालीं, स्टॉकहोमला. आजचें ऑलिंपिक सुवर्णपदक म्हणजे वस्तुतः चांदीचें पदक, वर निदान सहा ग्रॅम सोन्याचा मुलामा. हें आम्हीं नातवास सांगितलें तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर थोडें तेज आलें. २०२४ च्या पॅरिसच्या पदकांत तर आयफेल मनोऱ्याच्या जुन्या लोखंडाचा अठरा ग्रॅमचा षट्कोनी तुकडा बसविला होता, आणि तरीहि कित्येक कांस्यपदकें अल्पावधींत डागाळलीं व तेथील टांकसाळीस तीं बदलून द्यावीं लागलीं. आपल्या राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यानें नेमबाजींत मिळविलेलें पदक याच घडणीचें, ४५५ ग्रॅमचें. टोकियोकरांनीं त्यापूर्वीं जपानी घरांतील मोडकीं दूरध्वनियंत्रें आणि संगणक गोळा करून त्यांतून सोनें, चांदी आणि कांसें गाळून काढलें होतें. मोडींतून पदक! आमच्या घरीं याच्या उलट घडलें होतें.

आकृतीचीहि एक गंमत आहे. १९२८ सालीं ज्युसेप्पे कासिओली या इटालियन शिल्पकारानें बसलेल्या विजयदेवतेचें चित्र योजिलें. मागें त्यानें रोमचें कलोसियम काढलें. स्पर्धा ग्रीकांच्या, इमारत रोमनांची. तरी हें चित्र थोड्याफार फरकानें २००० पर्यंत चाललें आणि २००४ सालीं अथेन्सकरांनींच तें बदललें. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत जें कांस्यपदक मिळालें तें कासिओलीच्याच चित्राचें. तें त्यांच्या गळ्यांत कोणीं घातलें नाहीं. पदक गळ्यांत घालण्याची ऑलिंपिकची चाल १९६० च्या रोमपासूनची. खाशाबांच्या प्रवासासाठीं कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण टाकलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. आम्हीं वर्गांत ती दरवर्षीं सांगत असूं, आणि सांगतांना दरवर्षीं आमच्या कोनाड्यांतील रिकामी डबी आम्हांस आठवे.

असो. गाडी सुप्याहून पुणें-नगर रस्त्यास लागली. लहानपणीं येथें दोहों बाजूंस माळ आणि माळावर मेंढरें दिसत. आतां कारखान्यांचीं लांबच लांब छपरें दिसतात. केडगांव मागें पडलें आणि माळीवाड्याच्या स्थानकावर आम्ही उतरलों.

प्रथम गेलों वाडिया पार्कांत. येथेंच २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस सदुसष्टावी महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली होती आणि २ फेब्रुवारीस पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ गदेचा मानकरी ठरला. पंचांच्या निर्णयांवरून त्या दिवशीं जें वादंग झालें तें वाचकांनीं पाहिलेंच असेल. एवढ्यावर भागलें नाहीं. मार्चमध्यें याच जिल्ह्यांत, कर्जत येथें, दुसऱ्या परिषदेनें दुसरी महाराष्ट्र केसरी भरविली आणि ती वेताळ शेळके यानें जिंकली. एका जिल्ह्यांत दोन महिन्यांत दोन केसरी! परंतु गदेविषयीं आम्हांस आदर आहे. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ त्यांच्या घराण्याकडून दिली जाणारी ही गदा पुण्यांत घडते. आंत लांकडाचा गाभा, वर चांदीचा नक्षीदार पत्रा, एका अंगास मारुति आणि दुसऱ्या अंगास मामासाहेब. वजन दहा-बारा किलोंचें. तिला फीत नाहीं, टांचणी नाहीं. ती खांद्यावरच पेलावी लागते, हें आम्हांस फार आवडतें. आमच्या लहानपणीं जत्रेंतील फडांत रेवड्यांच्या कुस्त्यांपासून आरंभ होई आणि शेवटच्या कुस्तीस चांदीचें कडें मिळे. इनाम असें असावें कीं तें अंगावर वागवतां येईल आणि अडीअडचणीला मोडतांहि येईल. हा दुसरा गुण त्या वेळीं सर्वांस ठाऊक होता, बोलून मात्र कोणी दाखवीत नसे.

नगरास धातूचें काम नवें नाहीं. येथील तांब्यापितळेचीं भांडीं एके काळीं दूरवर जात. निजामशाहीचीं तांब्याचीं नाणीं आणि पुढें मोगलांचे रुपये या शहराच्या टांकसाळींत पडत. विजापुरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ दिसते ती नगरांत ओतलेली, १५४९ सालीं, मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराच्या हातून. चौदा फूट लांब, वजन सुमारें पंचावन्न टन, आणि तोंडाशीं हत्तीस दाढेखालीं धरलेला सिंह. परांड्यामार्गें ती विजापुरास गेली. १८५४ सालीं इंग्रजांनीं ती मोडींत काढून लिलांव पुकारला तेव्हां बोली आली दीडशें रुपयांची! पुढें कोणा अधिकाऱ्यास शरम वाटून तो व्यवहार रद्द झाला. तोफखाना नांवाच्या पेठेंतून जातांना हें सारें मनांत घोळत होतें.

मग आम्ही एका क्रीडासाहित्याच्या दुकानांत शिरलों. दुकानदार तरुण आणि मोठा बोलका होता. भिंतभर पदकें टांगलेलीं. किलोकिलोंच्या पिशव्या भरून आणखी. हीं मेरठ, जालंदर, दिल्लीकडून कोरीं येतात, असें तो म्हणाला. जस्ताचा मिश्रधातु वितळवून पोलादी सांच्यांत दाबानें भरावयाचा. क्षणांत पदक बाहेर पडतें. कडेचे फुटवे कापून तें घासावयाचें, आणि विजेच्या योगानें आधीं तांब्याचा, मग निकेलचा, मग सोनेरी थर द्यावयाचा. मध्यें वाटोळी जागा रिकामी सोडलेली असते. तींत धांवणारा, खोखोवाला, वक्ता, रांगोळी, जें हवें त्याचें चित्र चिकटविलें कीं झालें. "गुरुजी, एकच पदक सगळ्या खेळांना चालतंय," तो अभिमानानें म्हणाला. सोन्याचें, चांदीचें, कांस्याचें हीं तिन्ही एकाच ओतणींतलीं सख्खीं भावंडें. भेद फक्त वरच्या रंगाचा. कांसें म्हणजे तांबें आणि कथील. त्याच्या 'कांस्यपदकांत' कथलाचा कण नव्हता. परंतु त्या मुलास दोष कां द्यावा? शाळा शंभर पदकें मागतात आणि हजार-दोन हजार रुपयांत मागतात. आम्हीं स्वतः तीस वर्षें अशींच पदकें मुलांच्या गळ्यांत घातलीं आहेत.

चांगलें पदक ठोकून होतें. मुंबईच्या सरकारी टांकसाळींत नाण्यांबरोबर पदकेंहि होतात. शिल्पकार प्रथम मूळ आकाराच्या कित्येक पट मोठी प्रतिकृति प्लास्टरमध्यें करी. मग एका यंत्राची सुई त्या मोठ्या चेहऱ्यावरून हळूहळू फिरे आणि तिला जोडलेलें दुसरें टोंक तोच चेहरा लहान करून पोलादांत कोरी. आतां हें बरेचसें संगणकावर होतें. पोलाद कठीण करून त्याचा ठसा बनवितात. दोन ठशांमध्यें धातूची चकती ठेवून प्रचंड दाब देतात; पदकाचा उठाव खोल असेल तर एका दाबानें भागत नाहीं. चकती दाबानें कडक होते, ती पुन्हां तापवून मऊ करावी लागते, पुन्हां दाबावी लागते. वास्तविक चांगल्या विद्यार्थ्यास घडवितांनाहि आम्ही हेंच करीत होतों असें म्हणण्याचा मोह होतो. पण आतां तेवढें बळ ना आमच्यांत आहे ना विद्यार्थ्यांत.

सराफ बाजाराच्या एका बोळांत आम्हांस हवा तो माणूस भेटला. तिसऱ्या पिढीचा कारागीर. काम मुख्यतः देवांचे टाक करण्याचें. खंडोबा, भवानी, मारुति, सर्वांचे आजोबांच्या हातचे ठसे एका पत्र्याच्या डब्यांत, तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेले. चांदीचा भाव किलोस लाखावर गेला आहे हें त्यानें आधींच सांगितलें. आम्हीं दोन तोळ्यांचें पदक ठरविलें. खरें वजन आम्हांस कोठें ठाऊक होतें?

"चित्र कशाचं होतं?" त्यानें विचारलें.

"धांवणारा मुलगा. मागच्या बाजूस नांव आणि साल."

त्यानें कागदावर पेन्सिलीनें झरझर एक धांवणारा काढला. मग थांबून म्हणाला, "गुरुजी, ठसा उलटा खोदावा लागतो. उंच ते खोल, उजवं ते डावं. एकदा खोदलं की बदलत नाही. मुलाचं तोंड कोणत्या बाजूला होतं?"

आम्हांस उत्तर देतां येईना. दोन वर्षें तें पदक रोज पाहिलें होतें. हातांत घेऊन फडक्यानें पुसलें होतें. डावीकडे? उजवीकडे? डोळे मिटून पाहिलें. डबी दिसे, समई दिसे, पदकावर मात्र नुसता प्रकाश. आम्ही तसेच उठलों आणि चारच्या गाडीनें परत आलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर दादांस सर्व सांगावें लागलें. आम्हांस वाटलें होतें ते रागावतील. ते जराहि न थांबतां म्हणाले, "डावीकडे. उजवा हात पुढें, मूठ मिटलेली. मागच्या पायाची टांच दिसत नव्हती. तेथें कांठ आला होता."

"दादा, नानांनीं तुम्हांला न विचारतां तें न्यायला नको होतें," आम्ही म्हणालों. त्रेपन्न वर्षें हें वाक्य आमच्या मनांत होतें.

दादा आमच्याकडे पाहतच राहिले. "नानांनीं नेलें असें तुला वाटतें? अरे, नानांनीं त्याला हातहि लावला नव्हता. आईचे वाळे बांधले, वाटी बांधली, कोनाड्याकडे पाहिलें आणि तसेच निजले. पहांटे मींच उठून बोचक्यांत घातलें. सराफानें तराजूवर ओतलें तेव्हां त्यांना दिसलें."

"मग परत कां नाहीं आणलें?"

"वाळे हलके भरले." थोड्या वेळानें ते म्हणाले, "आठ दिवस नाना माझ्याशीं बोलले नाहींत. मला वाटे रागावले आहेत. आतां वाटतें, त्यांना बोलतां येत नव्हतें."

आत नातू जागा होता. त्यानें विचारलें, "दादाआजोबा, मग तुम्ही पुन्हां कां नाहीं पळालांत?" दादा म्हणाले, "अरे, दुष्काळाच्या कामावर दिवसभर खडी फोडल्यावर कोण पळतो? आणि मग नोकरी लागली." इतकें साधें उत्तर! आणि आम्ही मात्र इतकीं वर्षें त्याची करुणकथा करून ठेवली होती.

दुसऱ्या खेपेस दादा आमच्याबरोबर आले, नातूहि आला. कारागिरानें पितळेंत ठसा खोदून ठेवला होता. दादांनीं चष्मा काढून तो डोळ्यांजवळ नेला. उलटें चित्र त्यांनीं सरळ वाचलें आणि मुठीचा आंगठा बाहेर होता म्हणून सांगितलें. तेवढा बदल करावयास अर्धा तास लागला. मग चांदी मुशींत घालून वर टाकणखार टाकला. भात्याची जागा आतां गॅसच्या नळीनें घेतली आहे, पण चांदी वितळतांना तिच्यावर जी आरशासारखी लकाकी येते ती तीच. पन्हळींत ओतून कांब केली, ऐरणीवर ठोकून रुंद केली, तापविली, पुन्हां ठोकली, पत्र्याच्या यंत्रांतून काढून गोल चकती कापली. ठशावर चकती, चकतीवर शिशाचा गोळा, आणि त्यावर हातोड्याचे घाव. शिसें मऊ असल्यामुळें तें चांदीस दुखावीत नाहीं, पण ठशाच्या प्रत्येक खांचेंत ढकलतें. शिसें उचललें तेव्हां पत्र्याच्या पाठीवर खोलगट खूण दिसली. उलटून पाहिलें तों डावीकडे तोंड करून मुलगा धांवत होता. मागें सपाट चकती झाळून बसविली, रिठ्याच्या पाण्यांत धुतली आणि तिच्यावर नांव व '१९७०' हें साल कोरलें. मूळ पदक दोन्ही बाजूंनीं यंत्रावर दाबलेलें असावें, हें हातचें. फरक होता आणि तो दिसत होता.

दादांनीं तें तळहातावर घेतलें. "हलकें आहे," ते म्हणाले.

"दोन तोळे पुरेपूर आहे, आजोबा. काट्यावर दाखवतो," कारागीर म्हणाला.

"असेल. तेव्हां माझा हात लहान होता."

नातवानें विचारलें, याला फीत कोठें आहे? कारागिरानें कडी लावूं का म्हणून पाहिलें. दादा नको म्हणाले. डबींतच ठेवावयाचें आहे. हिशेब झाला. आम्ही उठतांना त्यानें विचारलें, "या ठशाचं काय करू? वितळवून टाकू?" पितळ कांहीं फार नव्हतें. दादांनीं नातवाकडे पाहिलें, मग म्हणाले, "राहूं द्या." कारागिरानें ठशास तेलाचा हात लावला, फडक्यांत गुंडाळला आणि पत्र्याच्या डब्यांत मारुति आणि खंडोबा यांच्या मध्यें ठेवून दिला.